मास्तरांच्या गुडघ्याला कोण चावलं

आमच्या गल्लीत मास्तर दोन. एक मी, शाळेचा. दुसरे कापडाचे. रस्त्यात कोणी "अहो मास्तर" अशी हाक मारली की दोघांच्याही माना वळायच्या. हाक बहुतेक वेळा त्यांनाच असायची, कारण माझ्याकडे कोणाची पँट अडकलेली नसायची. शेवटी लोकांनीच हा घोळ मिटवला. ते त्यांना हूंमास्तर म्हणायला लागले आणि मी नुसता मास्तर राहिलो.

हे नाव त्यांना पडलं त्याचं कारण त्यांच्या तोंडात होतं. टाचण्या. सकाळी दुकान उघडलं की डबीतून चिमूटभर टाचण्या काढून ते ओठांत धरायचे. जेवायला उठेपर्यंत त्या तिथेच. जेवण झालं की दुसरी चिमूट. तोंड असं कामात असल्यामुळे बोलायचं ते सगळं "हूं" मध्येच. पण त्या एका अक्षरात त्यांनी अख्खं व्याकरण बसवलं होतं. वर चढणारा हूं म्हणजे प्रश्न. खाली उतरणारा म्हणजे होकार. मध्येच तुटलेला म्हणजे "हात खाली करा, माप चुकतंय." आणि लांब, नाकातून आलेला हूं म्हणजे "मागच्या खेपेपेक्षा तुमची कंबर वाढली आहे, पण मी काही बोलत नाही."

गिऱ्हाइकांना ही भाषा येत होती. त्यांच्या बायकोला, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या काकूंना, तर ती तोंडपाठ होती. "आमचे हे अगदी अबोल," असं त्या कौतुकाने सांगत. इतक्या वर्षांत घरात एकदाही वाद झाला नाही, असंही सांगत. वाद घालायला समोरच्याचं तोंड रिकामं लागतं, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नाही.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी मशीन, मशीनमागे मास्तर, आणि त्यांच्यामागे हँगरला लटकलेले अर्धेमुर्धे सदरे, कोणाला एकच बाही, कोणाला कॉलरच नाही. मशीन पायाची. काकूंचे धाकटे भाऊ, ज्यांना सगळे मामा म्हणतात, दर भेटीत सांगायचे, "मोटर लावून देतो. बटण दाबलं की झालं." मास्तरांचा हूं तुटायचा. एका सुट्टीच्या दिवशी तोंड मोकळं असताना त्यांनी कारण सांगितलं होतं. "मोटर कापडाला ओढते. पाय कापडाला चालवतो." एवढं बोलून ते झोपायला गेले.

शिवताना कापडातून एकेक टाचणी निघत जाते. ती ठेवायची कुठे? बाकीचे शिंपी मशीनवर छोटी गादी ठेवतात. मास्तरांनी कामाच्या पँटीच्या उजव्या गुडघ्यावर जाड लोकरी कापडाच्या घड्या घालून ठिगळ शिवलं होतं. पायडल मारताना गुडघा आपोआप हाताशी यायचा. टाचणी तोंडातून कापडात, कापडातून गुडघ्यावर, हे न बघता चालायचं. उठायच्या आधी ते गुडघ्यावरचं सगळं पीक काढून डबीत भरायचे. अनेक वर्षं हे असं चाललं आणि कोणाच्या बापाचं काही बिघडलं नाही.

बिघडला तो गुडघा. आयुष्यभर पायडल मारून आतली हाडं झिजली. मोठ्या दवाखान्यातल्या हाडांच्या डॉक्टरांनी तिथे नवा सांधा बसवला, धातूचा आणि मध्ये प्लॅस्टिकची चकती. पट्टी सोडली तेव्हा मास्तरांनी जखमेकडे बराच वेळ पाहिलं आणि एक लांब हूं काढला. तोंडात टाचण्या नव्हत्या, पण परक्या ठिकाणी ते हूंवरच भागवायचे.

डॉक्टरांनी काकूंकडे पाहिलं.

"शिवण सरळ आहे म्हणतायत," काकूंनी सांगितलं. "शेवटची गाठ मात्र घाईत मारली."

"जेवायची वेळ झाली होती," डॉक्टर म्हणाले. ते उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. जाताना त्यांनी सांगितलं की गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची कातडी बरेच महिने बधिर राहील, तसं होतंच, काळजी करू नका. कोणी केलीच नाही.

मास्तर पुन्हा मशीनवर बसले. गल्लीला बरं वाटलं, कारण अर्ध्या गल्लीचे कपडे आत अडकले होते. पाय छान चालत होता. आणि मग एका आठवड्यात गुडघा फुगायला लागला. लाल झाला, ठणकायला लागला. इतका गरम झाला, की घरातलं मांजर येऊन त्यावर झोपायला लागलं. मांजराचं नाव बॉबिन. ती स्वभावाने आळशी आहे, पण ऊब कुठे आहे हे तिला आपल्या सगळ्यांच्या आधी कळतं.

हाडांच्या डॉक्टरांनी सुई घालून गुडघ्यातलं पाणी काढलं. गढूळ होतं.

"जंतू शिरलेत," ते म्हणाले. "हे लोक धातूवर घर करून बसतात. तुम्ही लवकर आलात, म्हणून सांधा न काढता आतून धुऊन घेऊ आणि चकती बदलू. पण ते आले कुठून, हे कळलं पाहिजे. ती वाट उघडी राहिली तर ते परत येतील. मग सांधा काढावाच लागेल."

मास्तरांनी वर चढणारा हूं केला.

"काढल्यावर मशीन चालवता येईल का, विचारतायत," काकू म्हणाल्या.

"काढल्यावर पाय कित्येक महिने सरळ राहील. वाकणार नाही. नंतर दुसरा सांधा बसला तरी मशीनचं मी आज सांगू शकत नाही."

यावर मास्तरांनी जो हूं केला, त्याचं भाषांतर काकूंनी केलं नाही. त्या पिशवीत काहीतरी शोधत बसल्या.

गुडघा धुतला गेला. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो, तर खाटेभोवती सगळं घर जमलेलं होतं. काकू स्टुलावर, त्यांची लग्न झालेली लेक खिडकीशी, मामा मधोमध. मामांना प्रत्येक विषयातलं थोडं थोडं कळतं, आणि ते थोडं ते पूर्ण आवाजात सांगतात. खाटेच्या पायथ्याशी एक लहानखुऱ्या, चष्मा लावलेल्या डॉक्टर उभ्या होत्या. नेमका कुठला जंतू आहे आणि तो कुठून आला, एवढंच त्यांचं काम. त्या एकेक प्रश्न विचारत होत्या. मास्तरांच्या तोंडात नर्सने थर्मामीटर दिलं होतं. तोंडात काहीतरी आल्यामुळे ते जरा निवांत दिसत होते.

"घरात जनावर आहे?"

"मांजर आहे," मामा म्हणाले. "मी पहिल्यापासून सांगत होतो."

"चाटतं का?"

"बॉबिन कोणाला चाटत नाही," काकू म्हणाल्या. "स्वतःलासुद्धा नाइलाज असेल तरच."

"गुडघ्यावर झोपत होती," लेक म्हणाली.

"झोपणं वेगळं, चाटणं वेगळं. तू कोणाच्या बाजूची आहेस?"

डॉक्टरांनी पुढे विचारलं. घरात माशांची टाकी? नाही. कच्चं दूध पिता? नाही. बागेत काम करताना काटा लागला? बाग नाही. पक्षी पाळलेत? गोठ्यात जाता? गुडघ्याला काही टोचलं, खरचटलं? शेवटच्या प्रश्नावर मास्तरांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि थर्मामीटरच्या बाजूने तुटका हूं काढला. नाही.

"गुडघ्याला काही लावत होता का?"

मामांनी छताकडे पाहिलं.

"मामा," लेक म्हणाली.

"तेल," मामा म्हणाले. "थोडंसं. सूज दिसली म्हणून."

"कसलं तेल?"

"घोड्यांना लावतात ते."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "का?"

"घोड्यांना गुण येतो," मामा म्हणाले.

तेल लावलं ते सूज आल्यानंतर, त्यामुळे घोडे सुटले. संशय राहिला बॉबिनवर. रिपोर्ट येईपर्यंत तिला घराबाहेर ठेवायचं ठरलं. तिच्यावर सगळ्यात मोठा आरोप मामांचा, म्हणून तिला ठेवून घ्यायची जबाबदारीही त्यांच्यावरच टाकली गेली. ते तिला टोपलीत घालून घेऊन गेले. वाटेत तिने टोपलीच्या फटीतून त्यांचा अंगठा ओरबाडला, आणि मामांनी तो वर धरून गल्लीभर दाखवला.

रिपोर्ट लवकर येईना. जंतू सावकाश वाढणारा होता. मग एका दुपारी काकू कपडे न्यायला घरी आलेल्या असताना फोन आला. मी समोरच बसलो होतो आणि काकू फोन नेहमी हातभर लांब धरून बोलतात, त्यामुळे पुढचं संभाषण मी खात्रीने सांगू शकतो.

"काकू, रिपोर्ट आला," त्या लहानखुऱ्या डॉक्टर म्हणाल्या. "आयकेनेला."

हे जंतूचं नाव होतं. काकूंच्या कानाने त्याचे दोन तुकडे केले. ऐका. नेला.

"ऐकतेय," काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला. "कुठे नेला?"

"नेला नाही, काकू. आयकेनेला. गुडघ्यातून निघाला."

"निघाला? त्यांना तर उभं राहायची परवानगी नाही."

"तो तिथे वाढला होता. आम्ही आज पाहिला."

काकूंनी दम घेतला. आता त्यांच्या चेहऱ्यावर काळजीपेक्षा वेगळंच काही आलं. "हे बघा डॉक्टर, तुम्ही माझ्या लेकीच्या वयाच्या, म्हणून सांगते. नेला, निघाला, वाढला, ही काय बोलायची रीत झाली? वयाने मोठं माणूस आहे. नेलं म्हणावं, निघाले म्हणावं."

डॉक्टर गुणी मुलगी असावी.

"बरं काकू," त्या म्हणाल्या. "आयकेनेला निघाले. तुम्ही इकडे या, मी समोरासमोर सांगते."

दवाखान्यात पोचून मास्तर जागच्या जागी आहेत हे पाहिल्यावर सगळा उलगडा झाला. पण एकदा जोडलेला मान काढून घ्यायला कोणी धजावलं नाही. तेव्हापासून त्या घरात त्या जंतूंचा उल्लेख "ते आयकेनेला" असाच होतो.

"ते माणसाच्या तोंडात राहतात," डॉक्टर सांगायला लागल्या. आदरार्थी बोलण्याची आता त्यांनाही सवय झाली होती. "हिरड्यांच्या कडेला, दातांच्या फटीत. तिथे असले की कोणाला त्रास नाही. गुडघ्यात, आणि तेही बसवलेल्या सांध्यात, फार म्हणजे फारच क्वचित. मी पहिल्यांदाच बघतेय."

"पहिल्यांदा?" मामांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला, जणू काही बक्षीस लागलं होतं.

"मांजराच्या तोंडात?" काकूंनी विचारलं.

"नाही. माणसाच्या."

काकूंनी मामांकडे पाहिलं. मामांनी अंगठा खिशात घातला.

"लॅबमध्ये बशीत वाढवले की त्यांना ब्लीचसारखा वास येतो," डॉक्टर म्हणाल्या. "त्यावरून आम्हाला आधी अंदाज आला."

"म्हणजे स्वच्छ असतील," काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी हे सोडून दिलं. "आता मला जरा नाजूक प्रश्न विचारायचा आहे. हे तोंडातून शरीरात जातात ते बहुतेक वेळा चाव्यातून. माणसाच्या चाव्यातून. तर घरात यांच्या गुडघ्याला कोणी चावलं का?"

शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी वर्तमानपत्र खाली केलं. मग लेकीने, मामांनी, त्या आजोबांनी आणि, खोटं कशाला बोलू, मीही काकूंकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?"

"नाही, घरात तुम्ही दोघंच असता," मामा म्हणाले.

"मला चावायचं असतं तर लग्नाच्या पहिल्या वर्षी चावले असते. तेव्हा कारणं होती."

"आई, तसं कोणी म्हणत नाहीये."

"तू तर गप्पच बस. तुझी पोरगी दिसेल त्याला चावते. परवा दाराची कडी चावत होती."

हे खरं होतं. लेकीच्या मुलीला दात येत होते आणि आजोबांचा पाय ही तिची धरून उभं राहायची आवडती जागा होती. लेकीचे डोळे भरून आले. "तिला अजून खालचे दोनच आलेत," ती म्हणाली.

"दोन पुरतात," मामा म्हणाले.

"आणि तुम्ही हो, मामा?"

"माझी कवळी आहे. ती मी जेवण सोडून कशालाही लावत नाही."

डॉक्टरांनी गुडघा नीट तपासला. दाताची खूण कुठेच नव्हती. नात सुटली, काकू सुटल्या. शेजारच्या आजोबांनी निराश होऊन वर्तमानपत्र वर घेतलं.

"वाट सापडली नाही," डॉक्टर हळूच म्हणाल्या, "तर औषध थांबलं की ते परत येतील. आणि पुढच्या वेळी सांधा ठेवता येणार नाही."

मास्तर डोळे मिटून पडले होते. चादरीखाली त्यांचा डावा, धडधाकट पाय खाली-वर होत होता. टाच, चवडा, टाच, चवडा. मी तिकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर पाहिलं. दवाखान्याच्या गच्चीवर हिरव्या चादरी वाळत होत्या.

तेवढ्यात हाडांचे डॉक्टर फेरीवर आले. त्यांनी चादर बाजूला केली. गुडघ्याच्या मधोमध एक अरुंद पट्टी होती, बाकी गुडघा उघडा. ते वाकून सूज बघायला लागले आणि मास्तर त्यांच्या बाहीकडे बघायला लागले. पांढऱ्या कोटाच्या उजव्या बाहीची दुमड उसवून लोंबत होती. नुसती लोंबत नव्हती, त्या तुकड्याला शाईही लागली होती.

मास्तरांनी पाहिलं. मान फिरवली. परत पाहिलं. मग काकूंकडे बघून त्यांनी छोटा, घाईचा हूं केला. काकूंनी न विचारता पिशवीतून सुई, दोरा आणि टाचण्यांची पुडी काढली. डॉक्टर "अहो, राहू द्या" म्हणेपर्यंत त्यांची बाही मास्तरांच्या हातात होती आणि टाचण्या तोंडात.

त्या दिवसांत मी त्यांना इतकं सुखी पाहिलं नव्हतं. डॉक्टर खाटेवर वाकून, एक हात पुढे करून उभे. मास्तरांनी दुमड नखाने बसवली, ओठांतली एकेक टाचणी काढून ती पक्की केली आणि सुई चालवायला घेतली. टाके पडत गेले तशा टाचण्या निघत गेल्या. पहिली टाचणी निघाली. मास्तरांची नजर बाहीवरच होती. हात आपसूक खाली गेला आणि त्याने ती टाचणी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, उघड्या कातडीत, खुपसून उभी केली.

मग दुसरी. पहिलीच्या शेजारी, ओळीत.

खोलीतला एकही माणूस हलला नाही. मास्तर टाके घालत होते. तिसरी टाचणी घेऊन हात खाली येताना जंतूंच्या डॉक्टरांनी तो मनगटाशी धरला.

"दुखत नाही?" त्यांनी विचारलं.

"हूं?" मास्तर म्हणाले. मग त्यांनी खाली पाहिलं.

गुडघ्यावर दोन टाचण्या डोकी वर करून उभ्या होत्या.

"तोंडातून गुडघ्यात," डॉक्टर म्हणाल्या. त्या बोलताना स्वतःलाच पटवत होत्या. "थेट. चावायची गरजच नाही. मास्तर, तुम्ही घरी असंच करत होता?"

मास्तरांनी उरलेल्या टाचण्या तोंडातून काढून हातावर घेतल्या. त्यांना मोठं वाक्य बोलायचं होतं.

"ठिगळावर टोचत होतो," ते म्हणाले. "पँटीला ठिगळ आहे."

"कुठली पँट?" काकूंनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांचा आवाज बारीक झाला. "ती लोकरीच्या ठिगळाची?"

"हूं."

"ऑपरेशनच्या वेळी मी घर आवरलं," काकू सगळ्यांना सांगायला लागल्या. "ती पँट उभी केली तर उभी राहत होती, इतकी मळलेली. मी तिचं पोतेरं केलं. तुम्हाला नवीन पातळ पँट दिली होती ना. तुम्ही काही बोलला नाहीत."

"मला कळलं नाही," मास्तर म्हणाले. "टाचणी तर बसत होती. उलट आधीपेक्षा घट्ट."

"आणि गुडघ्यात टाचणी उभी राहते याचं तुम्हाला काहीच वाटलं नाही?" हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं. त्यांची बाही अजून अर्धी टाचलेली होती.

मास्तर जरा लाजले. "तुम्हीच म्हणाला होता, आत धातू बसवलाय. मला वाटलं, टाचण्या त्याला चिकटतात."

"चुंबकासारख्या?"

"सोयीचंच होतं की ते."

हाडांच्या डॉक्टरांनी आजवर इतके सांधे बसवले असतील, पण आपल्या कामाची ही सोय त्यांना कोणी सांगितली नव्हती. "तो धातू चुंबकाला लागत नाही," ते शेवटी म्हणाले. "आणि मध्ये तुम्ही आहात."

टाचण्या काढल्या, गुडघा पुन्हा साफ केला, औषध वाढवलं. कातडी बधिर, म्हणून दुखलं नाही, आणि पँटीवर कधीमधी दिसलेल्या ठिपक्यांना मास्तर मशीनचं तेल समजत होते. वाट सापडली होती. आता ती बंद ठेवायची होती. जंतूंच्या डॉक्टरांनी हुकूम दिला की यापुढे तोंडात टाचणी नाही. एकही नाही, कधीच नाही, धुतलेली नाही, नवीन नाही. लेकीने चुंबकाची एक बशी आणून दिली. ती सगळ्या टाचण्या स्वतःच धरून ठेवायची. मास्तरांना ती बशी मनापासून आवडली. गुडघा असाच हवा होता, असं ते म्हणाले.

म्हणाले. इथून पुढे ही अडचण सुरू झाली.

घरी आल्यावर पाय पुढे करून दिवसभर बसणं, गोळ्या घेणं आणि रिकामं तोंड. पहिले काही दिवस ते नुसते ओठ हलवत बसले, तिथे काहीतरी शोधत असल्यासारखे. मग बोलायला लागले. आधी हवेबद्दल, मग कापडाबद्दल, मग गल्लीतल्या प्रत्येक कंबरेबद्दल. इतकी वर्षं मापं घेताना मनात साठवलेलं सगळं क्रमवार बाहेर यायला लागलं. मलाही ऐकावं लागलं, की माझा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे आणि ते माझ्या प्रत्येक सदऱ्यात ही गोष्ट लपवत आले आहेत.

काकूंची पाळी त्यानंतर आली.

"हे पडदे," मास्तर एका सकाळी म्हणाले.

"काय झालं पडद्यांना?"

"आणले त्या दिवशीच मला आवडले नव्हते."

"त्याला आता जमाना झाला. तेव्हा का नाही बोललात?"

"तोंडात टाचण्या होत्या."

त्या घरातला पहिला वाद पडद्यांवरून झाला आणि तो चांगला रंगला. दुसरा मामांच्या लग्नावरून. त्या लग्नात मास्तरांना मागच्या रांगेत बसवलं होतं, त्यावर त्यांचं जे मत होतं ते त्यांनी आता दिलं. भिंतीपलीकडे माझा चहा रोज गार व्हायला लागला. तपासणीला गेल्यावर काकूंनी जंतूंच्या डॉक्टरांना बाजूला घेतलं.

"टाचण्या उकळून दिल्या तर?" त्यांनी विचारलं. "नुसत्या सकाळच्या वेळी. मी स्वतः मोजून देईन, मोजून परत घेईन."

"काकू, नाही."

"बिनटोकाच्या?"

डॉक्टर हसल्या, पण नाहीच म्हणाल्या. मग त्यांनी रक्ताचा कागद दाखवला. सूज दाखवणारा आकडा उतरत उतरत जिथे असायला हवा तिथे आला होता. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघा हातात धरून वाकवला, सरळ केला, परत वाकवला. गुडघा निमूट वाकला.

"ते आयकेनेला?" काकूंनी विचारलं.

"गेले," डॉक्टर म्हणाल्या. "औषधं अजून घ्यायची आहेत, पण सांधा राहिला. मशीन सुरू करा. थोडं थोडं."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मास्तरांना मशीनचं नाव ऐकल्यावर एक गोष्ट आठवली होती आणि ते ती हाडांच्या डॉक्टरांना सांगत होते. डॉक्टर एक पाय दाराबाहेर ठेवून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी मी कापड घेऊन दुकानात गेलो. पहिलं काम माझंच असावं अशी माझी इच्छा होती. बॉबिन परत आली नव्हती. तिला इकडची हवा सोसणार नाही, असं मामा म्हणत होते, आणि काकूंनी दोनदा टोपली पाठवली तरी ती रिकामीच परत आली. मास्तर मशीनमागे बसले. काकू दाराशी उभ्या राहिल्या. हात पुसायला काही नव्हतं तरी त्या हात पुसत होत्या. मास्तरांनी उजवा पाय उचलून पायडलवर ठेवला आणि थांबले. माझ्याकडे पाहिलं नाही, काकूंकडेही नाही. मग टाच दाबली.

चाक अडखळलं. अर्धं फिरलं. मास्तरांनी हाताने जरा ढकलून दिलं, आणि मग पायाने लय धरली. मशीनचा तो आवाज आम्ही बरेच महिने ऐकला नव्हता.

"चालतोय," काकू म्हणाल्या.

"चालतोय," मास्तर म्हणाले. आणि मग, पाय चालतोय या आनंदात, त्यांनी मला त्यांच्या पहिल्या मशीनची गोष्ट सांगायला सुरुवात केली. ती कुठून आणली, बैलगाडीत कशी बांधली, वाटेत दोर कसा तुटला. शिवता शिवता सांगत होते, सांगता सांगता शिवत होते, मागे वळून माझ्या चेहऱ्याकडेही बघत होते. काकूंनी एकदा "अहो, बाहीकडे लक्ष द्या" म्हणून पाहिलं. त्यावरही त्यांचं एक मत निघालं.

तो सदरा मी आजही घालतो. शिवण नेहमीसारखी सुरेख आहे, डावा खांदाही लपला आहे. फक्त खिसा पोटावर आला आहे. पेन काढायचं असलं की मला जरा वाकावं लागतं.